दिवस लांब, वर्षे आखूड

मागल्या कार्तिकात आमच्या हातून एक अपराध घडला. तो आधी सांगून टाकतो, म्हणजे हे लिहिणे कशासाठी ते वाचकांच्या ध्यानी येईल.

घाटकोपरला असल्फ्याच्या अंगाला, डोंगरउतारावरच्या एका चाळीत आमचे लहानसे भजनी मंडळ जमते. पूर्वी हरिपाठ दिवेलागणीला लागत असे. पुढे पोरे नोकरीधंद्याला लागली. कुणी अंधेरीला सीप्झमध्ये, कुणी पवईला, कुणी पार बोरिवलीला. त्यांना घरी यायलाच नऊ वाजू लागले. तेव्हा सर्वांच्या सोयीने हरिपाठ रात्री साडेनऊला ठेवला. ‘सर्वांच्या’ असे तेव्हा आम्हीच म्हटले होते. त्या सर्वांत कोण कोण धरले होते, याचा विचार पुढे करावा लागला.

मंडळात एक जुने टाळकरी आहेत. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मूळचे सातारकडचे, उभा जन्म माथाडी कामात गेला, वय ऐंशीच्या पुढे, बत्तीस वाऱ्या पायी झालेल्या. त्या रात्री हरिपाठ चालू असता आप्पांचा टाळ मागे पडला. एकदा पडला, दोनदा पडला, तिसऱ्यांदा तर चाल बदलली तरी हे आपले जुन्याच ठेक्यावर. मृदंग वाजवणारा पोरगा हसला. आणि आम्ही, जे स्वतः सत्तरीला टेकलो आहोत, त्या आम्ही भर भजनात म्हटले, “आप्पा, लक्ष कुठं आहे?”

आप्पांनी टाळ मांडीवर ठेवले नि शांतपणे म्हणाले, “लक्ष हाय की हितंच, माउली. येळच म्होरं गेली.”

दुसऱ्या दिवशी आप्पा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो. क्षमा मागायला गेलो होतो हे खरे. पण त्यांच्या त्या वाक्याने आमच्या डोक्यात जो भुंगा सोडला होता, तोही बरोबर होता. वेळ पुढे गेली म्हणजे काय? ती तुमच्याआमच्यासाठी वेगवेगळी चालते की काय?

खोलीत आप्पा एकटेच. सून कामावर, नात कॉलेजात. चहा झाला. दिवस कसा जातो, असे विचारले. म्हणाले, “दिस जातोय कुठला! दुपारचं दोन ते चार म्हंजी दिवेघाट. चढ सरतच न्हाय.” मग जरा थांबून, “आन् वरीस मातुर कवा गेलं कळत न्हाय. नातीचं बारसं परवा झाल्यागत वाटतंय.”

दिवस सरत नाही आणि वर्ष टिकत नाही! वाचकहो, ही तक्रार तुमच्याही घरात ऐकू येत असेल. आम्ही तर आता ती स्वतःच्याच तोंडून ऐकतो. वरवर पाहता ही गोष्ट अगदी अशक्य. लांब लांब दिवस एकापुढे एक ठेवले तर वर्ष आखूड कसे होईल? पण आप्पा खोटे बोलत नव्हते, आणि त्यांची बुद्धीही फिरलेली नव्हती. यात माप एक नाही, दोन आहेत. चाललेली वेळ मन एका मापाने मोजते आणि गेलेली वेळ दुसऱ्या मापाने. चाललेल्या वेळेकडे आपण जितके पाहत राहू तितकी ती लांबते. चुलीवरच्या दुधाकडे टक लावून बसले की ते उतू जायला युगे लागतात आणि पाठ फिरवली की चटकन जाते, हे प्रत्येक आयाबाईला ठाऊक आहे. आप्पांना दुपारी दोन ते चार दुसरे पाहण्यासारखे काही नाही. म्हणून ते वेळेकडेच पाहतात, आणि वेळ घाट होऊन उभी राहते. गेलेल्या वेळेचे माप निराळे. तिथे मन खुणा मोजते. ज्या काळात नव्या खुणा पुष्कळ, तो काळ मागे वळून पाहताना मोठा दिसतो. जिथे सारे दिवस एकाच छापाचे, तिथे शंभर दिवसांचा मिळून एकच दिवस होतो. आप्पांच्या शंभर दुपारी एकमेकींत विरघळून जातात. मग वर्ष उरते केवढे?

पश्चिमेकडच्या पंडितांनीही यावर पुष्कळ डोके चालवले आहे. पॉल जाने या फ्रेंच विद्वानाने १८७७ साली एक हिशेब मांडला, आणि अमेरिकेच्या विल्यम जेम्स याने १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्राच्या मोठ्या ग्रंथात तो चर्चेला घेतला. हिशेब असा : दहा वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा दहावा हिस्सा, पन्नाशीच्या माणसाला तेच वर्ष पन्नासावा हिस्सा. म्हणून ते लहान वाटते. हिशेब सुबक आहे, पण जेम्सलाच तो पुरता पटला नाही. तो म्हणे की लहानपणी रोज काही नवे घडते, ठसा खोल उमटतो; पुढे सारे सवयीचे होते आणि ठसेच उमटत नाहीत. आम्हांला हे अधिक खरे वाटते, आणि त्याला आमच्याजवळ वारकऱ्याचा पुरावा आहे. निव्वळ हिस्स्याचाच प्रश्न असता, तर म्हाताऱ्याला वारीचे अठरा-वीस दिवसही चिमटीएवढे वाटायला हवे होते. पण कोणत्याही माळकऱ्याला विचारा! आळंदी सोडल्यापासून पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. रोज नवा मुक्काम, नवी माती, नवी भाकरी. ते अठरा-वीस दिवस आठवणीत बाकीच्या अकरा महिन्यांहून भारी बसतात. आप्पांना गेल्या वर्षीचा श्रावण आठवत नाही, पण अमुक वारीत चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणात कुणाची चप्पल हरवली हे आठवते.

इथे एक शंका निघेल, आणि आम्ही ती आप्पांनाच विचारली. बत्तीस वाऱ्यांत मुक्काम तेच, वाट तीच. मग त्याही एकमेकींत मिसळत नाहीत का? “मिसळत्यात की,” आप्पा म्हणाले. “कंच्या साली पाऊस पडला ते सांगाया येत न्हाय. पर बरुबर कोन व्हता ते सांगतो.” आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. कोण कुठल्या वर्षी पहिल्यांदा आला, कुणाची कुठली वारी शेवटची ठरली. काळाच्या त्यांच्या खुणा या गावांच्या नव्हत्या, माणसांच्या होत्या. मग आमच्या ध्यानी आले की खुणा करणारी माणसे एकेक करून कमी होत जाणे, हेही वर्षे आखूड होण्याचे एक कारण असले पाहिजे. या कारणाची नोंद आम्हांला कुठल्या ग्रंथात दिसली नाही. पण आप्पांचे हिशेब ऐकल्यापासून ते मनातून जात नाही.

आता तरुण वाचक म्हणतील, ‘आम्हांला तरी कुठे वेळ पुरतो?’ बरोबर आहे. २००५ साली जर्मनी-ऑस्ट्रियाकडे चौदापासून चौऱ्याण्णव वर्षांपर्यंतच्या सुमारे पाचशे माणसांना हा प्रश्न विचारला गेला. वेळ भरभर जाते असे जवळजवळ सर्वच वयाच्या लोकांनी सांगितले. म्हाताऱ्यांचा फरक मुख्यतः मागल्या दहा वर्षांविषयी दिसला, आणि तोही फार मोठा नव्हे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात घाई आणि वेळ अपुरी पडण्याची भावना यांच्याशी या पळत्या काळाचा संबंध दिसून आला. म्हणजे आप्पांचे वर्ष रिकामेपणाने आखूड झाले आणि त्यांच्या मुलाचे गर्दीने. दोघांचीही वर्षे गेली ती गेलीच.

त्या मुलाची गोष्ट सांगतो. तो अंधेरीला राहतो. अंधेरीहून घाटकोपरला रस्त्याने यायचे म्हणजे तास-सव्वा तास सहज मोडे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. अकरा किलोमीटरांहून थोडी जास्त वाट, बारा स्टेशने, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-बावीस मिनिटे. मुलाने त्या दिवशी फोन करून सांगितले, “आप्पा, आता मी तुमच्या दारात आलो!” आप्पांना केवढा आनंद झाला! पूर्वी तो महिन्यातून एकदा येई. आताही महिन्यातून एकदाच येतो. आम्ही त्या मुलाला दोष देत नाही. त्याची वाचलेली वेळ कंपनीने, क्लासच्या फीने आणि हातातल्या मोबाइलने वाटून घेतली असेल. आमच्या मुलांचेही तेच. पण वेळ वाचली, वेळ वाचली असे आपण या मुंबईत जे सारखे म्हणत असतो, ती वाचलेली वेळ कुणाच्या पदरात पडते, हे कोणी विचारत नाही. म्हाताऱ्याच्या पदरात ती पडलेली आम्ही तरी फारशी पाहिली नाही.

आता लक्षाकडे वळू. आमचा अपराध तिथलाच.

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण सहज म्हणून जातो, आणि वय झाले की लक्ष कमी होते असे धरून चालतो. पण काय कमी होते? लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या दोन अमेरिकन विदुषींनी १९८८ साली एक विचार मांडला. तो आम्हांला आमच्या भाषेत असा समजला : घरातला दिवा मंद झाला, एवढेच नव्हे, दाराची कडी सैल झाली. तरुण माणूस भजनाला बसला की बाकीच्या आवाजांना दार लावून घेतो, आणि दार लावले हे त्याला कळतही नाही. वयानुसार ते दार नीट लागेनासे होते. नको ते आत येते आणि आत आलेले लवकर बाहेर जात नाही. हा विचार पुढे पुष्कळ तपासला गेला, त्यावर वादही झाले. पण घाटकोपरला रात्री साडेनऊला बसून पाहा! शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी, खाली रिक्षांचे हॉर्न, समोरच्या घरातली मालिका, आणि दर थोड्या वेळाने डोक्यावरून सांताक्रूझच्या विमानतळाकडे उतरणारे विमान. आम्हांला हे ऐकू येत नव्हते. आप्पांना सगळे ऐकू येत होते. त्या बाजारातून ते टाळाचा ठेका शोधून काढत होते. मग लक्ष कुणाचे जास्त लागले होते, त्यांचे का आमचे?

दुसरी एक गोष्ट १९९७ साली स्वीडनमध्ये दिसून आली. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या लोकांशी चालता चालता बोलायला सुरुवात केली, तर काही चालतच राहिले आणि काही थबकले. पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचे प्रमाण थबकणाऱ्यांत पुष्कळ जास्त निघाले. चालणे हेच ज्याला सगळे लक्ष देऊन करावे लागते, त्याला बोलायला उभेच राहावे लागते. दिंडीत चालताना एखादा म्हातारा उत्तर द्यायला मध्येच थांबतो आणि मागची रांग त्याच्यावर आदळते, तेव्हा आपण म्हणतो, “चला हो माउली, बोला चालता चालता!” यापुढे आम्ही असे म्हणणार नाही. दादरच्या नाहीतर घाटकोपरच्या पुलावर जिन्याच्या मध्यावर कोणी आजोबा उभे राहिले, आणि त्याच वेळी गाडी दुसऱ्या फलाटावर येणार अशी घोषणा झाली, तर ते ऐकण्यासाठीच उभे आहेत असे समजावे. वाट अडवण्यासाठी नव्हे.

मात्र इथे एक सावधगिरीची सूचना. रोजची वाट चुकणे, घरातल्या माणसांची नावे विसरणे, गॅस चालू ठेवून निघून जाणे, असे वारंवार होऊ लागले तर ते नुसते ‘वय’ नव्हे. डॉक्टरांना दाखवावे. लाजू नये आणि लपवू नये.

आता जो खरा प्रश्न आम्हांला टोचतो तो असा. लक्ष ढळणे हा दोष आहे काय? आपण नामाला बसतो तेव्हा मन तिथे असावे, असे लहानपणापासून ऐकत आलो. मग ज्याचे मन वयामुळे टिकत नाही, त्याच्या टाळाची किंमत कमी का? काही कीर्तनकार याच्या उलट सांगतात : म्हातारपणी संसार सुटतो आणि मन आपोआप देवाकडे लागते. आम्ही हेही पूर्वी मोठ्या तोंडाने सांगत आलो. आता म्हणतो की हे खरे नाही. संसार सुटतो, म्हणजे सुटावा लागतो; पण मन आपोआप कुठेच लागत नाही. उलट लावण्याचे बळच थोडे उरते. बोरिवलीला आमचे एक स्नेही होते. ‘रिटायर झालो की निवांत ज्ञानेश्वरी वाचीन’ असे तीस वर्षे म्हणत. निवृत्त झाले, पोथी आणली, कोरे वेष्टन काढले. आणि एक ओवी वाचून दुसरीवर जाईतो पहिली निसटते, म्हणून डोळ्यांत पाणी आणून बसले. त्यांना काय सांगावे हे आम्हांला सुचले नाही. ‘भाव तेथे देव’ म्हणून आम्ही वेळ मारून नेली. ते समाधान खोटे होते, हे त्यांनाही कळले.

चांगदेवांची कथा सर्वांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षे वय, आणि ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले तर मायना काय घालावा हेच सुचेना. वयाने लहान म्हणावे तर ज्ञानाने मोठा. शेवटी कागद कोराच धाडला. एवढी वर्षे काढून हे कोरेच राहिले, असे मुक्ताबाई म्हणाल्या अशी आख्यायिका आहे. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. ही कथा आम्ही नेहमी चांगदेवांवर हसण्यासाठी ऐकली. आता वाटते की चांगदेवांनी निदान कागद तरी धाडला. वर्षे गेली आणि हाती काही नाही, हे मान्य करून त्यांनी कुणाकडे तरी तोंड वळवले.

आणि आप्पांत आम्हांला दिसले ते हेच वळणे. त्यांचा टाळ मागे पडतो, हरवतो. मग ते मान किंचित कलती करतात, ऐकतात, आणि पुन्हा येऊन मिळतात. एका हरिपाठात दहा वेळा हरवतात आणि दहा वेळा येतात. आमचे मन भजनात एकदाही ठेका चुकत नाही, कारण हात सवयीने वाजवतात आणि मन उद्याच्या बिलांवर असते. टिकून राहणे आणि परत येणे ही लक्षाची दोन अंगे आहेत असे आम्हांला वाटते. पहिले वयाबरोबर झिजते. दुसरे झिजत नाही असे आम्ही म्हणणार नाही, तेही थकते. पण त्यात माणसाचा जो स्वतःचा भाग आहे, तो पहिल्यात तितका नसतो. तेव्हा ‘लक्ष कुठे आहे’ हा आमचा प्रश्न नुसता उद्धट नव्हता, चुकीच्या माणसाला विचारलेला होता.

याचा अर्थ म्हाताऱ्यांनी सगळ्या घराला आपल्या वेळेवर नाचवावे, असा नव्हे. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगताना समोरचा पोरगा रात्रपाळी करून आला आहे, हे आम्हीही पाहिले पाहिजे. दोन्ही घड्याळे खरी आहेत एवढेच म्हणणे. या मुंबईला तर दोन घड्याळांची जुनी सवय. १ जानेवारी १९०६ पासून देशभराची एक प्रमाणवेळ झाली, तरी मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती आणि म्युनिसिपालिटीने ती पुढे कितीतरी वर्षे सोडली नाही. आमचे वडील सांगत, कुणी वेळ सांगितली की ‘स्टँडर्ड का मुंबई?’ असे विचारून घ्यावे लागे. भांडणे होत, गाड्या चुकत. पण एकोणचाळीस मिनिटे मागे असलेले घड्याळ वेडे झाले, असे कोणी म्हणत नसे. आप्पांच्या घड्याळाला आम्ही तसे म्हणालो होतो.

हे सगळे आम्ही मंडळात बोललो. १९९३ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोगही सांगितला : वृद्ध आणि तरुण यांची स्मरणाची परीक्षा सकाळी घेतली तर अंतर नाहीसे झाल्यासारखे, आणि दुपार उलटल्यावर घेतली तर मोठे. ज्याने काकडा पाहिला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पहाटे चारला आप्पांच्या वयाची माणसे ताजी असतात आणि पोरांचे डोळे उघडत नाहीत. मृदंगवाला म्हणाला, “मग आमच्या नोकऱ्यांचं काय?” रास्त प्रश्न. रात्रीचा हरिपाठ बंद करणे शक्य नाही. शेवटी असे ठरले की रात्रीचे चालू राहावे, आणि एकादशीला पहाटे साडेचारला काकडा व्हावा, जमेल त्याने यावे. दोघे जण याच्या विरुद्ध होते, शेजारी तक्रार करतील म्हणून. तक्रार आली, आणि आम्ही आवाज कमी केला.

पहिल्या एकादशीला सहा म्हातारे आले आणि एक तो मृदंगवाला पोरगा. त्याच्या अंगात ऑफिसचेच कपडे होते, बॅग भिंतीशी टेकवलेली. आप्पांनी चाल धरली. बाहेर कुकर नाही, रिक्षा नाहीत. त्यांचा टाळ एकदाही मागे पडला नाही. पोराचा हात मात्र मध्येच थबके, मान खाली जाई, पुन्हा उचले. एकदा तो पुरताच थांबला. आम्ही काही बोलणार, तोच आप्पांनी टाळाचा आवाज न वाढवता तेच चरण पुन्हा घेतले, आणि तो येऊन मिळेपर्यंत घेत राहिले.

सहाला संपले. पोराने चहा उभ्याउभ्याच घेतला नि स्टेशनकडे निघाला. आप्पा दाराशी त्याची पाठ वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. मग आत येऊन आम्हांला म्हणाले, “फुडली एकादस कवा हाय?” आम्ही सांगितले, पंधरा दिवसांनी. ते बोटांवर मोजू लागले.